साहेबांच्या साखरेचा कार्यभार

स्वतःचं काम स्वतः करणं हा गुन्हा नाही, पण ती अव्यवस्था आहे. ज्याला आपलं काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही, तो जन्मभर काम करत राहतो आणि त्याच्या हातून पुढे काही मोठं घडत नाही. हे सत्य सगळ्याच खात्यांना मान्य आहे. पण ते शेवटपर्यंत नेऊन दाखवण्याचा मान शहराच्या दिवाबत्ती विभागाच्या साहेबांकडे जातो, आणि तो त्यांच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकेल असं वाटत नाही.

साहेबांच्या अखत्यारीत शहरातले सगळे रस्त्यावरचे दिवे होते. साहेब स्वतः कधी खांबावर चढले नव्हते. त्यांनी कधी शिडीही धरली नव्हती. (एकदा एका शिडीला टेकून उभे राहिले होते, पण ती जागा सोयीची होती म्हणून.) तरीही रोज संध्याकाळी दिवे लागत. विभागातलं शंभर टक्के काम साहेबांच्या हाताखाली होत असे आणि हातून शून्य टक्के. कारभार म्हणावा तर असा.

अशा माणसाला मधुमेह झाला, ही निसर्गाची चूकच म्हणायची. निसर्गाने अगोदर पदनाम पाहायला हवं होतं.

तहान फार लागते आणि वर्षात दोनदा चष्मा बदलूनही अक्षरं पुसट दिसतात, एवढ्यावरून साहेब डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर बाई स्पष्ट बोलणाऱ्या निघाल्या. त्यांनी रक्त तपासलं, डोळ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "साखर आज झालेली नाही, चांगली पाच-सहा वर्षं मुरलेली आहे. तीन महिन्यांची सरासरी दहाच्या वर आलीय. डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसताहेत. साखर उतरवलीत तर नजर टिकेल. नाही उतरवलीत तर जाईल. घरात कुणाला होता का हा आजार?"

"होता," साहेब म्हणाले.

वडिलांना होता. त्यांची शेवटची वर्षं भिंत चाचपत गेली होती. हे साहेबांनी सांगितलं नाही, कारण प्रश्न फक्त 'होता का' एवढाच होता आणि विचारलं त्यापेक्षा जास्त सांगायचं नाही ही त्यांची नोकरीतली पहिल्या दिवसापासूनची शिस्त. पण जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. साहेब घाबरले होते, सरळ सांगायचं तर पार घाबरले होते.

घाबरलेला सामान्य माणूस हातपाय गाळतो. घाबरलेला अधिकारी कार्यवाटप करतो.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी हेडक्लार्कला आत बोलावलं. या हेडक्लार्कना विभागात सगळे 'तथास्तु' म्हणत, कारण साहेबांच्या कुठल्याही वाक्याला त्यांच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. साहेब म्हणाले, "या आजारात चार-पाच प्रकारची कामं आहेत. चालणं, पथ्य, साखर सोडणं, वेळोवेळी रक्त देणं आणि काळजी. एका माणसाने हे सगळं करायचं म्हणजे जरा..."

"अशक्यच साहेब," तथास्तु म्हणाले. "मनुष्यबळ लागेल."

वाटप झालं ते असं. चालण्याचं काम ड्रायव्हरकडे गेलं, कारण त्याला रस्त्यांची माहिती होती. पथ्य पत्नीकडे, कारण स्वयंपाकघर तिच्याकडे आधीपासून होतंच आणि त्याला लागून असलेलं काम तिलाच देणं रीतसर होतं. साखर सोडण्याची जबाबदारी तथास्तूंनी मागून घेतली. (अशी माणसं प्रत्येक कचेरीत असतात आणि ती नसती तर साहेब लोकांचं कसं झालं असतं, देव जाणे.) काळजी आईकडे. ती ते काम साहेबांच्या जन्मापासून करतच होती, आता तिला अतिरिक्त कार्यभार मिळाला इतकंच. गोळ्या तेवढ्या साहेबांनी स्वतःकडे ठेवल्या. सगळंच दुसऱ्यावर टाकणं त्यांना प्रशस्त वाटेना.

अंमलबजावणी कडक होती, यात वाद नाही. रोज सकाळी जीप तळ्याकाठी उभी राहायची. ड्रायव्हर उतरून तळ्याला फेऱ्या मारायचा आणि साहेब जीपमध्ये बसून देखरेख करायचे. तो रेंगाळला की हॉर्न वाजवायचे. उंटावरून शेळ्या हाकणं असं कोणी म्हणेल, पण त्यात उंटाचे कष्ट कोणी मोजत नाही. महिन्याभरात ड्रायव्हरचं पोट आत गेलं, त्याला पट्ट्याला नवीन भोक पाडून घ्यावं लागलं. साहेबांना मनापासून आनंद झाला. "मला आता बराच हलकेपणा वाटतो," असं ते घरी म्हणाले.

घरी पत्नी उकडलेल्या भाज्या खात होती. साहेबांच्या ताटात काय असायचं हा स्वतंत्र विषय आहे, पण रोज जेवणाआधी ते तिच्या ताटाकडे बारकाईने पाहत आणि मान हलवून मंजुरी देत.

"अहो, निदान एक वाटी तरी घ्या यातली," ती म्हणायची.

"तू घेतेयस ना?"

"मी घेतेय. पण आजार तुम्हाला झालाय."

"म्हणूनच तर तुला सांगितलंय," साहेब म्हणायचे. मग बायको तीही वाटी स्वतःच्याच ताटात ओतून घ्यायची.

कचेरीत तर क्रांतीच झाली. तथास्तूंनी चहातली साखर सोडली म्हणताच त्यांच्या हाताखालच्या सगळ्यांनी सोडली, कारण बढतीच्या शिफारशी तथास्तु लिहीत. पण कचेरीच्या चहाची साखर वर्षाच्या हिशेबाने ठरलेली. ती यंदा उरली तर पुढच्या वर्षी मंजुरी कमी होते, हे शेंबडं पोरही जाणतं. मंजुरी कमी होऊ देणं म्हणजे खात्याशी बेइमानी. तेव्हा उरलेली साखर कोणी खायची? ज्यांनी सोडली ते खाऊ शकत नव्हते. अख्ख्या विभागात ज्यांच्या अंगावर साखर सोडण्याची जबाबदारी नव्हती असे एकच गृहस्थ उरले. साहेबांनी विभागाच्या हितासाठी तोही भार उचलला. चमचा कपात उभा राहायचा, पण साहेबांनी कधी तक्रार केली नाही.

या सगळ्यात विरोधी पक्ष म्हणून एकटी मुलगी होती. कॉलेजात शिकणारी, जिभेला हाड नसलेली, आणि बापावर जीव असलेली. एका सकाळी ती जीपच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"बाबा, साखर तुमच्या रक्तात आहे. ड्रायव्हरकाका चालून तुमची कशी उतरेल?"

साहेबांनी हॉर्नवरचा हात काढला आणि शांतपणे विचारलं, "शहरातले दिवे मी स्वतः खांबावर चढून लावतो का?"

"नाही."

"मग लागतात ना?"

मुलगी पाय आपटत निघून गेली. तर्कशास्त्रात ती नेहमीच कच्ची होती असं साहेबांचं मत होतं.

तीन महिने झाले आणि पुन्हा रक्त द्यायची वेळ आली. आता हे काम कोणाला द्यायचं? साहेबांनी विचार केला. चालला कोण? ड्रायव्हर. मग चालण्याचा परिणाम कुठे दिसणार? ड्रायव्हरमध्ये. दुसऱ्या कोणाचं रक्त तपासलं तर चालण्याचं मोजमाप होणार कसं? हा मुद्दा बिनतोड होता. ड्रायव्हर प्रयोगशाळेत गेला, नाव विचारल्यावर त्याने साहेबांचं नाव सांगितलं, कारण तो साहेबांच्या वतीने आला होता. यात खोटं काय आहे ते दाखवून द्यावं.

अहवाल आला. सरासरी साडेपाचाच्याही खाली. सुंठीवाचून खोकला गेला. तथास्तूंनी विभागात बिस्किटं वाटली आणि सगळ्यांनी साहेबांचं अभिनंदन केलं. ड्रायव्हरचं कोणी केलं नाही, आणि त्याचीही तशी अपेक्षा नव्हती.

अहवाल घेऊन डॉक्टर बाईंकडे अर्थात तथास्तु गेले. बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "इतका उतार? तीन महिन्यांत?" त्या म्हणाल्या. "पेशंट कुठेत?"

"कामात आहेत."

"त्यांना सांगा, डोळे तपासायला स्वतः या. डोळे असे पाठवता येत नाहीत."

तथास्तूंनी परत येऊन निरोप दिला, पण साहेबांना रुचेल इतकाच. "बाई फार खूश झाल्या साहेब. सवडीने या म्हणाल्या." सवड म्हणजे निवृत्तीनंतर, असा कचेरीत अर्थ होतो. साहेबांनी अहवाल टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि गोळ्याही बंद केल्या. साखर नाही तर गोळी कशाला? आजार बरा झाल्यावर औषध घेत राहणं म्हणजे खांब पडल्यावर त्याला बल्ब लावत बसणं.

इथून पुढचा भाग विभागाच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्यासारखा आहे, फक्त तो वाचायला काळा चष्मा लागतो.

संध्याकाळी साहेब जीपमधून दिव्यांची पाहणी करत. एका संध्याकाळी त्यांना प्रत्येक दिव्याभोवती धुरकट कडं दिसलं. पुढच्या रस्त्यावर तेच. बाजारात तेच. काही खांबांवर तर दिवा लागलाय की नाही तेही कळेना. साहेबांच्या कपाळावर घाम आला. नजरेचा दोष असेल असं क्षणभर मनात आलं, पण काचेखाली अहवाल होता. साखर उत्तम होती. साखर उत्तम असेल तर डोळे उत्तम. डोळे उत्तम असतील तर दोष कशात? दिव्यात! सहज सिद्ध होणारी गोष्ट होती. तरी साहेब एकतर्फी निर्णय घेणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी शेजारी बसलेल्या तथास्तूंना विचारलं.

"हे दिवे तुम्हाला अंधूक वाटत नाहीत?"

"कधीपासून सांगीन म्हणत होतो साहेब," तथास्तु म्हणाले.

"तुला?" साहेबांनी ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हरने वर पाहिलं. दिवे लख्ख होते. पण दोन वरिष्ठांना अंधूक दिसत असताना एका ड्रायव्हरला लख्ख दिसणं बरं नाही, म्हणून तोही म्हणाला, "थोडे."

अशा रीतीने तिघांच्या एकमताने शहरातले सगळे दिवे बदलले गेले. नवे दिवे दुप्पट प्रखर होते. साहेबांनी पाहणी केली. कडं होतंच, उलट मोठं झालं होतं. याचा अर्थ दिवे अजून कमी पडत होते. तिप्पट आले. मग प्रत्येक दोन खांबांच्या मध्ये एक जादा खांब आला.

लोकांचे हाल कुत्रा खाईना. संध्याकाळ झाली की भाजीवाली काळा चष्मा लावून वांगी तोलू लागली. लोक सूर्य मावळल्यावर छत्री उघडून फिरू लागले. कावळ्यांना दिवस संपल्याचं कळेना, त्यांनी ओरडणं थांबवलंच नाही. शेवटी एका त्रासलेल्या शिक्षकाने तक्रार नोंदवली की माझ्या घरासमोरचा दिवा फार लागतो. विभागाच्या स्थापनेपासून अशी तक्रार आली नव्हती. तक्रारींचा एकच प्रकार ठरलेला होता, 'दिवा लागत नाही'. तेव्हा ती त्याच सदरात घेतली गेली आणि तत्परतेने शिक्षकाच्या दारासमोर आणखी एक दिवा लावून देण्यात आला. त्यानंतर शहरातून एकही तक्रार आली नाही. यावरून नागरिकांचं समाधान किती टक्के होतं ते काढता येईल.

घरी मात्र साहेब चिडचिडे झाले होते. जेवताना ते बल्बकडे बघून बायकोवर खेकसले, "किती वेळा सांगितलं, मोठा आणा म्हणून! या मिणमिणत्या उजेडात ताटात काय आहे ते दिसत नाही."

"कालच बदललाय हो," पत्नी म्हणाली. "याहून मोठा दुकानात मिळत नाही."

कोपऱ्यात आई बसली होती. काळजी हे तिचं काम, ते ती मन लावून करत होती, पण इतके दिवस तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "तुझे वडीलही असंच म्हणायचे रे. बल्ब बदल, बल्ब बदल. मी बदलत बसले. एकाच आठवड्यात तीन बदलले. मला मेलीला वाटलं, खरंच बल्बच वाईट येताहेत."

साहेबांनी ताट पुढे सारलं. "आई, माझा अहवाल चांगला आहे," ते म्हणाले. आवाज मात्र साहेबाचा नव्हता, लहानपणी काहीतरी फोडून आलेल्या पोराचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी कचेरीत आली. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. साहेबांच्या खोलीच्या दारात ती उभी राहिली. मागे व्हरांड्यात विभागाने स्वतःच्या उपयोगासाठी लावलेला नवा दिवा जळत होता, भर दुपारी. साहेबांनी मान वर करून दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "तक्रार असेल तर अर्ज बाहेर खिडकीवर द्या."

"बाबा."

"खिडकीवर द्या म्हटलं ना."

"बाबा, मी आहे."

तथास्तु चटकन उठून उभे राहिले. "साहेब, मलाही ओळखू आल्या नाहीत," ते म्हणाले. सवय म्हणून बोलून गेले, आणि मग त्यांचं त्यांनाच कसंसं झालं.

मुलगी आत आली, बापाच्या खुर्चीजवळ खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली. साहेबांनी चाचपून तिच्या डोक्यावर हात ठेवला. आधी हात चुकला, खुर्चीच्या दांडीवर पडला. मग डोकं सापडलं. "ऊठ," ते म्हणाले, "चल, जाऊ."

डॉक्टर बाईंनी त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं, बारीक झोताचा दिवा डाव्या डोळ्यात सोडला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"डॉक्टर, तुमचाही दिवा बदलायला झालाय," साहेब म्हणाले.

"दिवा नवा आहे," बाई म्हणाल्या. "डोळ्यात रक्त उतरलंय." मग उजवा पाहिला. मग अहवाल पाहिला. मग पुन्हा साहेबांकडे पाहिलं. "हे रक्त कोणाचं आहे?"

दाराशी ड्रायव्हर उभा होता. त्याने शाळेतल्यासारखा हात वर केला. "माझं आहे बाई."

"तुम्ही ठणठणीत आहात," बाई म्हणाल्या. "असेच चालत राहा." आणि साहेबांकडे वळल्या. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे साहेबांना जास्तच भीती वाटली. "डाव्यातली बरीचशी नजर गेलीय. लेझर करू, पुढे ऑपरेशनही लागेल, पण गेलेली सगळी परत येईल अशी आशा धरू नका. उजवा अजून हातात आहे. तो वाचवायचा तर गोळ्या, जेवण, चालणं, सगळं उद्यापासून स्वतः करायचं."

साहेबांनी नीट ऐकून घेतलं. सगळं समजून घेण्याची त्यांची मनापासून इच्छा होती. त्यांनी विचारलं, "स्वतः म्हणजे कोणी?"

बाईंनी त्यांच्या छातीवर बोट टेकवलं.

असं बोट साहेबांच्या छातीला यापूर्वी कोणी लावलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि डाव्यातलं पाणी त्यांना दिसलंही नाही, नुसतं गालावर लागलं.

दुसऱ्या दिवसापासून साहेब तळ्याकाठी चालू लागले. पहिल्या फेरीतच धाप लागली. ड्रायव्हर बरोबर चालत होता, कोणी सांगितलं नव्हतं तरी; खड्डा आला की साहेबांचा दंड धरत होता. घरी पहिल्यांदा उकडलेली भाजी खाल्ल्यावर साहेबांनी बायकोकडे बघून एवढंच विचारलं, "हे तू इतके महिने खात होतीस?" ती म्हणाली, "हो." साहेबांनी आणखी एक वाटी वाढून घेतली. आईने काळजीचा कार्यभार काही सोडला नाही, ते पद आजन्म असतं. उजवा डोळा वाचेल का, हे डॉक्टर बाईंनी अद्याप सांगितलेलं नाही. साहेब दर महिन्याला स्वतः जाऊन विचारतात. रक्त स्वतःचं नेतात. सुई टोचताना तोंड फिरवतात, पण बोट स्वतःचंच पुढे करतात.

आता कोणी म्हणेल, हा साहेब अगदीच गाढव. तसं म्हणणाऱ्यांसाठी एक पाहणी इथे नमूद करणं कर्तव्य आहे. हे प्रकरण ज्यांच्या हाती पडलं अशा शंभरांपैकी एक्क्याण्णव जणांना वाचता वाचता कुणीतरी आठवलं. कुणाला मेहुणा, कुणाला थोरला भाऊ, कुणाला कचेरीतला शेजारच्या टेबलावरचा. 'त्याने हे वाचलंच पाहिजे', असं त्यांनी मनोमन ठरवलं. उरलेल्या नऊ जणांनी हे स्वतः वाचलंच नाही, वाचून सांगायचं काम बायकोला दिलं. आपण शेवटचं रक्त कधी तपासलं, हा प्रश्न शंभरांत कोणालाही पडला नाही.

तुम्हीही आत्ता कोणाला तरी हे वाचायला द्यायचं मनात आणलंयत. जरूर द्या. फक्त त्यांनी ते कालच वाचलंय, आणि खास तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय.